फटफटीचे ऑइल गळते तेव्हा

(चुडावा येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



तुमच्या वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, मंडळींना आता वाचता येते. त्यांना कामाचे काही तरी सांगा." मी विचारात पडलो. काय सांगावे? इतक्यात बाहेर नजर गेली. लिंबाखाली तुमच्या सात-आठ फटफट्या उभ्या होत्या. त्यातल्या तीन गाड्यांखाली मातीवर काळे डाग दिसले. म्हटले, चला, विषय मिळाला.

तो काळा डाग म्हणजे इंजिनाचे ऑइल. गाडी जुनी झाली की ते गळू लागते. आपण म्हणतो, "थेंबभर तर आहे. त्याला काय होतंय?" काय होते, तेच आज सांगणार आहे. आणि ती गळती घरच्या घरी कशी थांबवावी, तेही सांगणार आहे.

मी मिस्त्री नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर. पण तीस वर्षे एकच फटफटी वापरली. तिने मला पुष्कळ शिकवले. एक धडा फार महाग पडला. तो आधी सांगतो.

माझी चूक

गोष्ट २००४ सालची. माझ्या गाडीच्या इंजिनाला खालून एक बोल्ट आहे. जुने ऑइल काढायचा तो बोल्ट. त्यातून थेंब-थेंब ऑइल गळू लागले. मी पाना घेतला आणि बोल्ट आवळला. आठ दिवस बरे गेले. पुन्हा गळू लागले. पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळी पान्याला लोखंडी नळी लावली आणि सगळा जोर लावला. कट्ट असा आवाज झाला. मला वाटले, आता पक्के बसले.

खरे म्हणजे बोल्टाचे आटे तुटले होते. ते मला कळले नाही.

त्याच आठवड्यात चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा होती. केंद्र पूर्णेला होते. आमच्या शाळेची मुले सकाळच्या रेल्वेने पुढे गेली. एका मुलीला रात्री ताप आला होता. तिचे आईवडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणारे. मुलगी मात्र गणितात फार हुशार. सकाळी ताप उतरला. मी म्हटले, "बस मागे, मी नेतो तुला."

अर्ध्या वाटेत इंजिन खडखड वाजू लागले. मी मनात म्हटले, पूर्णेला गेल्यावर बघू. थोडे पुढे गेलो आणि इंजिन जाम झाले. मागचे चाक जागीच धरले. गाडी फरफटत गेली. मी क्लच दाबला, म्हणून पडलो नाही. खाली वाकून पाहिले, तो खालचा बोल्टच नाही! सगळे ऑइल रस्त्याने सांडत गेले होते.

आम्ही दोघे चालत निघालो. पुढे एक जीप मिळाली. मुलगी पंचवीस मिनिटे उशिरा वर्गात बसली. तिथल्या भल्या माणसाने तिला बसू दिले. पण तिचे नाव यादीत आले नाही. ते फक्त उशिरामुळे, असे मी म्हणत नाही. पण ती पंचवीस मिनिटे माझ्या हलगर्जीपणाने खाल्ली, हे मला ठाऊक आहे. इंजिनाच्या दुरुस्तीला पैसे गेले, ते मी केव्हाच विसरलो. पंचवीस मिनिटे विसरलो नाही.

त्या बोल्टाखाली एक पातळ वायसर असते. ते बदलायचे होते. चार-दोन रुपयांचे काम.

ऑइल काय करते?

इंजिनात पिस्टन वरखाली धावतो. लोखंडावर लोखंड घासले तर ते तापते, झिजते आणि शेवटी एकमेकाला चिकटते. मध्ये ऑइलचा पातळ थर असला की घासणे कमी होते. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण देतो, तसेच हे. शिवाय ऑइल इंजिनाची उष्णता वाहून नेते आणि आतली घाणही आपल्याबरोबर घेते. म्हणून ते वापरून काळे होते.

आज आपल्याकडे ज्या गाड्या धावतात, त्यांच्या इंजिनाला चार स्ट्रोकचे इंजिन म्हणतात. असे इंजिन जर्मनीतल्या निकोलाउस ओटो या माणसाने १८७६ साली चालवून दाखवले. आपल्या भागात अशी फटफटी घरोघर झाली, ती हिरो होंडामुळे. ती कंपनी १९८४ साली निघाली. तिची सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली आणि स्प्लेंडर १९९४ साली. त्या काळच्या गाड्या अजूनही दुधाच्या कॅन आणि हरभऱ्याची पोती वाहतात.

त्याआधी १९७२ साली लुना आली होती. तिचे ऑइल पेट्रोलातच मिसळावे लागे. विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन तर म्हाताऱ्या मंडळींना आठवत असेल. हँडल फिरवून ते चालू करायचे. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांची ऑइल इंजिनाची कंपनी १९४६ साली निघाली. त्या इंजिनांनी किती तरी मोटा बंद केल्या. ते इंजिनसुद्धा जोडावर जोड ठेवून केलेले असते. आणि जिथे जोड, तिथे गळतीची भीती. म्हणून आज सांगतो ते थोड्या फरकाने त्यालाही लागू आहे.

एक हिशेब करू

पाटी घ्या. वीस थेंबांचे साधारण एक मिलिलिटर होते. गाडी चालू असताना मिनिटाला दहा थेंब गळतात असे धरा. म्हणजे मिनिटाला अर्धा मिलिलिटर. तासाला किती? तीस मिलिलिटर. तुम्ही रोज एक तास गाडी चालवता. दहा दिवसांत किती? तीनशे मिलिलिटर.

शंभर सीसीच्या जुन्या फटफटीत ऑइल बदलताना साधारण नऊशे मिलिलिटर बसते. म्हणजे दहा दिवसांत तिसरा हिस्सा गेला! थेंब लहान, पण हिशेब मोठा.

आधी ऑइल मोजा

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा. दोन-तीन मिनिटे थांबा. मग ऑइल भरायच्या झाकणाची मापाची काडी बाहेर काढा. चिंधीने पुसा. पुन्हा आत घाला, पण आटे फिरवू नका, नुसती टेकवा. बाहेर काढून बघा. काडीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये हवे.

खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ऑइल घाला, मगच गाडी चालवा. वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही वाईट. जास्त झालेले ऑइल आत घुसळले जाते आणि हवा जायच्या नळीतून बाहेर येते. मग आपण म्हणतो, गाडी गळते. असे असेल तर नुसते जास्तीचे ऑइल काढा. गळती आपोआप थांबेल.

इंजिनाला श्वास सोडायची एक रबरी नळी असते. ती चिखलाने बुजली किंवा दुमडली, तर आतली हवा कोंडते. मग ती हवा जोडातून ऑइल बाहेर ढकलते. आपल्या काळ्या मातीच्या पाणंदीतून जाणाऱ्या गाडीची ही नळी पावसाळ्यात जरूर बघावी.

गळती शोधा: खडूची युक्ती

ऑइल खाली दिसते, पण गळते वरून. धावत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. म्हणून जिथे डाग दिसतो, तिथे दोष असेलच असे नाही. सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जिथे ओले असेल, तिथे शोधा.

त्यासाठी गार इंजिन डिझेलच्या चिंधीने स्वच्छ पुसा. पेट्रोल वापरू नका, ते चटकन पेट घेते. जवळ विडी-काडी नको. मग कोरड्या चिंधीने पुसून इंजिन पूर्ण वाळू द्या.

आता मास्तरांची युक्ती. खडूची भुकटी करा आणि सगळ्या जोडांवर टाका. गाडी मोकळ्या हवेत दहा मिनिटे चालवा. बंद खोलीत इंजिन चालवू नका. त्या धुराला वास नसला तरी त्यात विषारी वायू असतो, तो माणूस मारतो. दहा मिनिटांनी बघा. जिथून गळते, तिथली पांढरी भुकटी काळी पडलेली दिसेल. खडू खोटे बोलत नाही.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग कुठे पडला, तेही कळते.

कुठून गळते आणि काय करावे?

पहिली जागा, खालचा बोल्ट. माझी चूक तुम्ही करू नका. ऑइल थोडे कोमट असताना खाली घमेले ठेवा. बोल्ट काढा. कढत ऑइल हातावर घेऊ नका, पोळते. जुने वायसर काढून टाका आणि नवीन घाला. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा. आटे वाकडे धरले तर लगेच कळते. मग पान्याने आवळा. पान्याला नळी लावू नका. इंजिनाचे अंग ॲल्युमिनियमचे असते. ते लोखंडापुढे मऊ. जास्त जोर लावला की आटे तुटतात, आणि मग काम मिस्त्रीकडेही सोपे राहत नाही.

दुसरी जागा, बाजूच्या झाकणाचे बोल्ट. वर्षानुवर्षे हादरे बसून ते सैल होतात. आठ नंबरचा टी-पाना घ्या. एक बोल्ट या कोपऱ्याचा, मग समोरच्या कोपऱ्याचा, असे आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा नको. पुष्कळदा एवढ्यानेच गळती थांबते.

तिसरी जागा, झाकणाचे पॅकिंग. दोन लोखंडांच्या मध्ये कागदासारखे जे असते, त्याला पॅकिंग म्हणतात. ते उन्हाने आणि उष्णतेने वाळते, आक्रसते आणि फाटते. ते बदलायचे असेल तर अर्धा दिवस हातात ठेवा.

सर्व ऑइल काढा. आड येते ते पायदान आणि किक काढा. क्लचची वायर सोडवा. मग झाकणाचे बोल्ट काढा. थांबा! सगळे बोल्ट एकाच वाटीत टाकू नका. ते लांबीने सारखे नसतात. लांब बोल्ट आखूड बोल्टाच्या जागी गेला तर झाकण फुटते. म्हणून एका पुठ्ठ्यावर झाकणाचे चित्र काढा, भोके पाडा, आणि जिथला बोल्ट तिथे खोचून ठेवा.

झाकण निघत नसेल तर पेचकस घालून उचकटू नका. लाकडाच्या हातोडीने बाजूने हलके ठोका. आत दोन बारीक नळकांड्या असतात, त्यांच्यावर झाकण नेमके बसते. त्या हरवू देऊ नका.

जुने पॅकिंग खरवडायला लोखंडी छिन्नी घेऊ नका. बांबूची कामटी घ्या. खरवडताना पॅकिंग डिझेलने ओले करा आणि तोंडाला फडके बांधा. फार जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याची कोरडी धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचा आजार होतो. कचरा उडू देऊ नका, इंजिनातही पडू देऊ नका.

नवीन पॅकिंग त्याच गाडीचे आणा. दुकानात जुने पॅकिंग बरोबर न्या, म्हणजे चूक होत नाही. ते कोरड्या, स्वच्छ जागी बसवा. बरेच जण ट्यूबमधला चिकट पदार्थ भरमसाट लावतात. जास्तीचा पदार्थ आत गळून ऑइलची वाट बंद करतो. पॅकिंग नीट असेल तर त्याची फारशी गरज पडत नाही. कोणी बाहेरून साबण किंवा लापी लावतो. गरम ऑइलपुढे ती टिकत नाही. भिंत ओली असताना वरून चुना दिल्यासारखे ते होते.

चौथी जागा, ऑइल सील. किकचा दांडा, गिअरचा दांडा आणि साखळीची पुढची चक्री जिथे बाहेर येतात, तिथे रबराची गोल कडी असते. तिला ऑइल सील म्हणतात. रबर कडक झाले की तिथून गळते. चक्रीजवळची गळती सर्वांत धोक्याची. ते ऑइल साखळीवर जाते, साखळी ते मागच्या टायरवर उडवते, आणि वळणावर गाडी घसरते. मागे बायको, पुढे लेकरू, अशी गाडी घसरली तर काय होते, ते मी सांगायला नको. टायर ओला दिसला तर गाडी हलवू नका. आधी टायर साबणाच्या पाण्याने धुवा आणि सील बदला. सील काढताना दांड्यावर ओरखडा पडता कामा नये. ओरखडा पडला तर नवीन सीलही गळते. हाताला सवय नसेल तर हे काम मिस्त्रीकडून करून घ्या.

हेडचे पॅकिंग आणि इंजिनाच्या पोटातले काम घरी करू नका. निळा धूर निघत असेल, तर ऑइल आत जळते आहे. तेही मिस्त्रीचेच काम. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे ओळखणे हेही शहाणपण आहे.

डबी वाचा

नवीन ऑइल घेताना डबी वाचा. आता तुम्ही वाचू शकता. डबीवर "१०डब्ल्यू-३०" असे काही आकडे असतात. पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा गरम इंजिनातला. आपल्या गाडीच्या पुस्तकात जे आकडे दिले असतील तेच घ्या. मोटारसायकलचेच ऑइल घ्या. मोटारीचे काही ऑइल घातले तर क्लच घसरू लागतो. घट्ट ऑइल घातले की गळती थांबते, असे कोणी सांगेल. त्याने फार तर थेंब कमी होतात, पण थंड इंजिनात ते वेळेवर वरपर्यंत पोचत नाही.

गाडी जोडून झाली की ऑइल भरा, काडीने मोजा, पाच मिनिटे चालवा आणि पुन्हा खडू लावून बघा. दुसऱ्या दिवशी बोल्ट एकदा तपासा. मगच काम संपले.

जळके ऑइल कुठे टाकाल?

घमेल्यातले ते काळे ऑइल नाल्यात ओतू नका. वावरात, उकिरड्यावर, आडाजवळ ओतू नका. ते जमिनीत मुरते आणि पाण्यात उतरते. पाण्यावर त्याचा थोडा थर आला तरी ते पाणी पिण्यालायक राहत नाही. आपला नाला नदीला मिळतो, आणि तीच नदी पुढच्या गावाची घागर भरते. २०१६ सालच्या सरकारी नियमांतही वापरलेले ऑइल धोकादायक कचऱ्यात धरले आहे.

बैलाच्या जखमेला, खांद्याला किंवा आपल्या अंगाला ते लावू नका. त्यात विषारी पदार्थ असतात. जुन्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावा, आणि जमलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याला द्या. सांडलेल्या ऑइलवर राख किंवा वाळू टाका आणि ती झाडून घ्या. आणि एक करा. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "जळके ऑइल. कोणी वापरू नये." घरातली बाई ते वाचेल, पोरगे वाचेल. गोडे तेल समजून कोणी हात घालणार नाही.

बहिणींनो, हे फक्त पुरुषांचे काम असे समजू नका. खडू लावणे, काडी बघणे, बोल्ट मोजणे, याला मिशा लागत नाहीत. गाडीवर मागे तुम्ही बसता. तेव्हा ती ठीक आहे की नाही, हे बघायचा तुम्हाला पुरा हक्क आहे.

शेवटची गोष्ट

घरी एक वही ठेवा. तिच्यात तीनच रकाने आखा. तारीख, गाडीचे किलोमीटर, काय केले. "ऑइल बदलले. वायसर नवीन घातले." एवढेच लिहा. आठ दिवसांनी एकदा काडी बघा आणि वहीत खूण करा. माझ्याजवळ २००४ साली अशी वही असती, तर तो बोल्ट तीनदा आवळल्याचे एका पानावर दिसले असते. तेव्हा मी नक्कीच विचारले असते, "मास्तर, हे तिसऱ्यांदा का?" ज्या दोषाला पुन्हा-पुन्हा आवळावे लागते, त्याचे मूळ दुसरीकडे असते.

आज घरी गेल्यावर आधी गाडीखाली पुठ्ठा टाका. उद्या सकाळी डाग बघा. परवा वर्गात आल्यावर वहीचे पहिले पान बाईंना दाखवा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. बोल्ट मात्र सरळ बसवा.

एवढे बोलून मी थांबतो. रामराम.